सावजाची संधी : ड्रोन आणि शिकारीची नीती

पहाटेची वेळ आहे. रात्रभर निवून जमीन गार पडली आहे. रानाच्या कडेला एक मनुष्य हातातील लहानशा पडद्याकडे पाहत उभा आहे. त्याच्या डोक्यावर बऱ्याच उंचीवर चार पंख्यांचे एक चालकरहित विमान फिरते आहे. यालाच आपण ड्रोन म्हणतो. पडद्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर पाच-सहा पांढरे ठिपके उमटतात. गवतात बसून राहिलेला हरणांचा कळप आहे तो. त्या मनुष्याने अद्याप एक पाऊलही टाकलेले नाही, वारा कोणीकडून वाहतो हे पाहिलेले नाही, की माग काढलेला नाही. तरीही शिकारीचा अर्धा, किंबहुना अधिक अवघड असा भाग पूर्ण झालेला आहे.

ड्रोनने गोळी झाडली नाही, केवळ पाहिले. मग त्यात गैर ते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न होय. जेथे परवाना घेऊन शिकार करणे कायदेशीर आहे, अशा अमेरिकेसारख्या देशात त्यावर बरीच चर्चा झाली असून कायदेही झाले आहेत. आपल्या देशात वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. तथापि पिकांवर फवारणी करणारा ड्रोन आता आपल्या गावांतही आला आहे. महिला स्वयंसहाय्यता गटांना तो मिळावा यासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये योजना मंजूर केली. गावात आलेले साधन एकाच कामापुरते राहत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी या प्रश्नाचा वेळीच विचार केलेला बरा.

लपण्याचा हक्क

प्रत्येक उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. ड्रोनला जोडलेला उष्णतादर्शक कॅमेरा हे किरण टिपतो व त्यांचे चित्र पडद्यावर दाखवितो. भर दुपारी तापलेल्या खडकांमुळे हे चित्र अस्पष्ट होते आणि दाट पानांखालचा प्राणी सहसा दिसत नाही. परंतु रात्री व पहाटे, मोकळ्या माळावर किंवा विरळ झाडीत, एखादा ससाही त्याच्या दृष्टीतून सुटत नाही. एका विद्युतघटावर साधारणपणे अर्धा तास उडणारे यंत्र तेवढ्या वेळात जो मुलूख पाहून येते, तो पायी पालथा घालण्यास माणसाला सबंध दिवस लागेल.

आता सावजाच्या बाजूने विचार करू. पळणे हे प्राण्याचे शेवटचे संरक्षण होय. त्याचे पहिले संरक्षण लपणे हे आहे. चितळाच्या अंगावरील ठिपके, सशाचा मातकट रंग, पाडसाचे गवतात निश्चल पडून राहणे, ही सर्व साधने न दिसण्यासाठी आहेत. वाघ, बिबट्या, कोल्हा व माणूस या सर्व जुन्या शत्रूंविरुद्ध ती उपयोगी पडत आली. उष्णता पाहणाऱ्या डोळ्यापुढे मात्र ती एकदम व्यर्थ ठरतात. निश्चल राहिल्याने अंगातील ऊब झाकत नाही. ज्या सवयीने पाडस आजवर वाचले, तीच सवय येथे त्याला जागच्या जागी धरून ठेवते.

म्हणजे ड्रोन बंदुकीत भर घालीत नाही. तो बातमीत भर घालतो. त्याच्या नीतीचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण शिकारीवरील निर्बंध म्हटले की शस्त्रावरील निर्बंधच प्रथम डोळ्यांपुढे येतात.

तारेने केलेला घात

केवळ बातमीने एखाद्या प्राण्याचा घात होऊ शकतो काय? याचे उत्तर उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतराच्या इतिहासात मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या पक्ष्यांचे थवे कोट्यवधींच्या संख्येने असत व त्यांच्यामुळे आकाश झाकोळून जाई. त्यांची विणीची ठिकाणे दरवर्षी बदलत. हीच त्यांची सुरक्षितता होती. पुढे तारायंत्र आले. थवा कोठे उतरला ही बातमी काही तासांत दूरवरच्या धंदेवाईक शिकाऱ्यांना कळू लागली. ते आगगाडीने तेथे जात व मारलेले पक्षी आगगाडीनेच शहरांच्या बाजारांत पाठवीत. जंगलतोडीनेही या ऱ्हासाला हातभार लावला. अखेरीस या जातीची शेवटची ज्ञात मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मरण पावली.

तारेच्या खांबाने एकही कबुतर मारले नव्हते. तारेने केवळ 'ते कोठे आहेत' एवढेच सांगितले. ड्रोनही एवढेच सांगतो. म्हणून 'यंत्राने नुसते पाहिले' हा बचाव पुरेसा ठरत नाही.

'न्याय्य पाठलाग' ही कल्पना

अशा विनाशाच्या काळातच अमेरिकेतील काही शिकाऱ्यांना स्वतःवर मर्यादा घालून घेण्याची निकड वाटू लागली. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट व जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था स्थापन झाली. तिने रूढ केलेल्या 'फेअर चेस' या कल्पनेला आपण मराठीत 'न्याय्य पाठलाग' म्हणू. तिचा आशय असा की, सावज मोकळे व वन्य असावे आणि शिकाऱ्याने त्याच्यावर अनुचित कुरघोडी करू नये. सावजाला निसटून जाण्याची खरीखुरी संधी राहिली पाहिजे.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीस गेले होते. त्यांना सावज मिळेना, तेव्हा बरोबरच्या मंडळींनी एक जखमी अस्वल झाडाला बांधून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी त्यावर गोळी झाडण्यास नकार दिला. या प्रसंगावरील व्यंगचित्रातूनच मुलांच्या 'टेडी' अस्वलाचे नाव जन्माला आले. या गोष्टीचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. अस्वल फार जखमी असल्याने त्याला यातनांतून सोडविण्याचा आदेशही त्यांनीच दिला. बांधलेल्या प्राण्याला मारून आपण शिकार केली असे म्हणवून घेणे एक आणि विव्हळणाऱ्या प्राण्याच्या यातना संपविणे दुसरे, हा भेद त्या प्रसंगात स्पष्ट दिसतो. ड्रोनच्या प्रश्नातही तो आपल्याला उपयोगी पडेल.

पुढे विमान आले, तेव्हा हीच कसोटी त्याला लावण्यात आली. विमानातून प्राण्यांवर गोळी झाडणे किंवा विमानाने त्यांना त्रास देणे यास अमेरिकेच्या १९७१ च्या संघराज्यीय कायद्याने मनाई केली. पशुधन, वन्य जीव, पिके व माणसे यांच्या संरक्षणासाठी शासकीय परवान्याने करावयाच्या कामाचा अपवाद तेवढा ठेवला. १९७३ मध्ये ध्रुवीय अस्वलांच्या रक्षणासाठी कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि अमेरिका या पाच देशांनी करार केला. शीतयुद्धातील प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन केलेल्या त्या करारातही अस्वले मारण्यासाठी विमानांचा व मोठ्या यांत्रिक नौकांचा वापर करण्यास बंदी आहे.

अलास्का राज्याचा एक नियम विशेष विचार करण्याजोगा आहे. तेथे रस्ते थोडे असल्याने शिकाऱ्याला पुष्कळदा लहान विमानानेच रानात जावे लागते. म्हणून विमानावर सरसकट बंदी घालणे शक्य नव्हते. तेव्हा, ज्या दिवशी विमानातून प्रवास केला त्या दिवशी मोठ्या सावजाची शिकार करावयाची नाही, असा सर्वसाधारण नियम करण्यात आला. त्याला काही अपवाद आहेत. वरून पाहणे आणि गोळी झाडणे यांमध्ये एक रात्र ठेवण्यात आली. त्या रात्रीत कळप दुसरीकडे जाऊ शकतो; सावजाची संधी त्याला परत मिळते.

२०१२ मध्ये याच अलास्कात ड्रोनच्या साहाय्याने मूस या थोराड हरणाची शिकार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा ती बेकायदेशीर ठरविणारा नियमच अस्तित्वात नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये कोलोराडो राज्याच्या वन्यजीव आयोगाने आणि त्यानंतर मार्चमध्ये अलास्काच्या मंडळाने शिकारीत ड्रोनच्या वापरास मनाई केली. पुढे इतर अनेक राज्यांनी तोच मार्ग अनुसरला. या बंदीची मागणी करणाऱ्यांत स्वतः शिकाऱ्यांच्या संघटना होत्या, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ड्रोनच्या मदतीने मिळविलेले सावज बून अँड क्रॉकेट क्लब आपल्या विक्रमांच्या नोंदीत घेत नाही.

दुसरी बाजू

या बंदीस विरोध करणाऱ्यांचे मुद्देही विचारात घेतले पाहिजेत. त्यांचा पहिला मुद्दा असा की, दुर्बीण, दूरवर नेम धरणारी बंदूक, वाऱ्याचा अंदाज देणारी उपकरणे हीदेखील साधनेच आहेत. मग ड्रोनलाच वेगळे का काढावे? याला उत्तर असे की, दुर्बीण शिकाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्याची शक्ती वाढविते, परंतु ती वापरण्यासाठी त्याला टेकडी चढून जावे लागते, आपला वास व आवाज सावजाला लागू न देता थांबावे लागते. तेवढ्या वेळात सावजालाही त्याची चाहूल लागू शकते. ड्रोन ही सगळी वाटच गाळून टाकतो. अर्थात यामधील रेषा धारदार नाही. म्हणूनच ती व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता समाजाने आखून द्यावी लागते. अमेरिकेतील वनाधिकारी व प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी दाखवून दिले आहे की, शिकाऱ्याचे वर्तन पाहणारा प्रेक्षक रानात नसतो. तेथे त्याची सदसद्विवेकबुद्धी हाच एकमेव पंच असतो. पंच एकटा आणि मोह मोठा असेल, तेव्हा नियमाचा आधार लागतो.

दुसरा मुद्दा जखमी सावजाच्या शोधाचा आहे. गोळी लागलेले हरीण झुडपात जाऊन तासन्‌तास तडफडत राहते. ड्रोनने ते लवकर सापडले तर त्याच्या यातना संपतील व मांसही वाया जाणार नाही, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. परंतु मेलेले हरीण शोधणारा कॅमेरा शेजारचे जिवंत हरीणही दाखवितो. म्हणून याबाबत तेथील राज्यांत एकमत नाही. काही राज्ये अशा शोधास मुभा देतात, तर काही देत नाहीत.

तिसरा मुद्दा उपद्रवी प्राण्यांचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात बाहेरून आणलेल्या डुकरांची संख्या बेसुमार वाढून शेतीचे मोठे नुकसान होते. टेक्सास राज्याने २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून अशी डुकरे मारण्याची मुभा दिली. लुईझियानात उष्णतादर्शक कॅमेरा लावलेले लहान विमान त्यांच्या मागावर वापरण्यात आले. येथे न्याय्य पाठलागाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण हा खेळ नव्हे. परंतु खेळाचे नियम येथे लागू नाहीत म्हणून कोणतेच नियम लागू नाहीत असा अर्थ होत नाही. येथे संधीची जागा करुणा व जबाबदारी घेतात. मारणे खरोखर आवश्यक आहे काय, ते त्वरित व कमीत कमी वेदनेने होते काय, आणि त्याचा निर्णय अधिकारी व्यक्तीने घेतला आहे काय, हे पाहावे लागते. नियंत्रणाच्या नावाखाली करमणूक सुरू झाली की दोन्ही नीतींचा भंग होतो.

शिवाय केवळ पाहणेही प्राण्यांना नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रोन वरून जाताना बहुतेक वेळा अस्वले जागची हलत नसत. परंतु त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत, आणि एका अस्वलाच्या बाबतीत ही वाढ मिनिटाला १२३ ठोक्यांपर्यंत गेली. बाहेरून शांत दिसणारा प्राणी आतून भेदरलेला असू शकतो. २०१४ मध्ये झायन राष्ट्रीय उद्यानात ड्रोनमुळे रानमेंढ्यांचा कळप पांगून पिले मोठ्या मेंढ्यांपासून दुरावली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या उद्यानांत ड्रोन उडविण्यास मनाई केली.

आपल्याकडील मर्यादा

मर्यादेची ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाभारताच्या आदिपर्वातील पांडुराजाची कथा सर्वांस ठाऊक आहे. मृगरूपात रममाण असलेल्या किंदम ऋषींना त्याने बाण मारला. मरता मरता ऋषींनी दोष दिला तो मृगयेला नव्हे. राजाने त्या क्षणी थांबावयास हवे होते, हा त्यांचा आक्षेप होता. मारण्याचा अधिकार मान्य केला तरी कोणत्याही वेळी व कोणत्याही रीतीने मारण्याचा अधिकार त्यातून निघत नाही, असा या कथेचा बोध घेता येतो.

आधुनिक काळात मात्र ही मर्यादा आपणही विसरलो. मोटार आणि तिचा प्रखर दिवा यांनी रात्रीचे रान उघडे पाडले. आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानात १९४७ साली रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात सापडलेले तीन चित्ते एकाच वेळी टिपण्यात आले. भारतातील वन्य चित्त्यांची ही अखेरची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. दिव्याच्या एका झोतात जे गेले, त्याची पुनःस्थापना सुरू करण्यास सात दशके लागली.

१९७२ चा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम झाला, तेव्हा काही प्राण्यांच्या शिकारीस परवान्याने मुभा होती. ही शिकार कशी करू नये हे कलम १७ मध्ये सांगितले होते. मोटार किंवा विमानातून शिकार करणे, मोटार वा विमानाने प्राण्यांना हाकणे व उधळणे, रात्री शिकार करणे, पाणवठ्यावर दबा धरणे, शिकारीसाठी गवत पेटविणे या गोष्टींना त्यात मनाई होती. कृत्रिम दिव्याच्या वापरासही, एक मर्यादित अपवाद वगळता, बंदी होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली आणि हे कलमही गळून पडले. परंतु त्यामागील तत्त्व रद्द झालेले नाही. मोटार, दिवा आणि पाणवठा या तिन्ही गोष्टी सावजाची संधी हिरावून घेतात, हे आपल्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच ओळखले होते. ड्रोन ही त्याच मालिकेतील पुढची वस्तू होय.

गावपातळीवर काय करावे

आपल्या राज्यात रानडुकरे व रोही उभ्या पिकात शिरतात आणि रात्रभर राखण करूनही शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही, हे दुःख खरे आहे. अशा परिस्थितीत कोणी ड्रोन उडवून कळप शोधून देऊ लागला तर गाव त्याला उपकारकर्ता मानील. येथेच पंचायत सदस्यांची कसोटी लागते. अधिनियमाच्या कलम ११ अन्वये, ठरावीक अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाला असल्यास, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीचा हा मार्ग सोडून केलेली हत्या ही शिकारच होय. अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेत मारण्याबरोबर पकडणे, सापळा लावणे व हाकणे यांचा आणि तशा प्रयत्नाचाही समावेश आहे. म्हणून 'मी केवळ ड्रोन उडविला, बंदूक दुसऱ्याच्या हाती होती' हे म्हणणे कोणाला वाचवील असे समजू नये.

याचा अर्थ ड्रोन हे साधनच वाईट आहे असा नव्हे. जर्मनीत वसंत ऋतूत गवत कापणीच्या वेळी हरणांची पाडसे गवतात निश्चल पडून राहतात व यंत्राच्या पात्यांखाली सापडतात. तेथे पहाटे उष्णतादर्शक ड्रोनने पाडसे शोधून ती उचलून बाजूला ठेवतात आणि मगच कापणी सुरू करतात. या कामासाठी तेथील केंद्र शासनाने २०२१ पासून अनुदान दिले आहे. जो डोळा पाडसाला शिकाऱ्याच्या स्वाधीन करतो, तोच त्याला पात्याखालून वाचवितो. आपल्याकडे ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे आढळतात. वनविभागाच्या देखरेखीखाली तोडणीपूर्वी अशी पाहणी झाल्यास मजूर आणि बछडे या दोहोंचे हित साधेल.

संरक्षणाच्या कामातही मर्यादा हवीच. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात, सरपण व गवतासाठी रानात जाणाऱ्या स्त्रियांवर वन्य जीवांसाठी आणलेल्या कॅमेऱ्यांची व ड्रोनची नजर राहिल्याने त्यांचा कसा कोंडमारा झाला, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. वरून पाहणाऱ्याच्या हाती सत्ता येते; ती सावजावर चालते तशी माणसावरही चालते.

ग्रामसभेत वा वर्गात या विषयाची चर्चा करताना पुढील तीन प्रश्न उपयोगी पडतील. या साधनापुढे प्राण्याला निसटण्याची खरी संधी उरते काय? मारणे अपरिहार्य असेल, तर त्याचा निर्णय कोणी व कोणत्या कारणासाठी घेतला हे लेखी व उघडपणे सांगता येते काय? आणि वरून पाहणारा मनुष्य, खाली जे घडते त्याची जबाबदारी स्वतःवर घेण्यास तयार आहे काय? या तिन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर द्यावयाचे तर अनेक ठिकाणी ड्रोन खाली उतरवावा लागेल. काही ठिकाणी तो अधिक विश्वासाने उडविता येईल.

तारायंत्राच्या काळात हे प्रश्न विचारावयास उशीर झाला आणि एक संपूर्ण जात नाहीशी झाली. मोटारीच्या दिव्याच्या बाबतीत नियम झाला, पण तोवर चित्ता गेला होता. ड्रोनच्या बाबतीत आपल्याजवळ अजून वेळ आहे. साधन गावोगाव पोहोचण्यापूर्वी त्याची मर्यादा गावोगाव पोहोचविणे, हे काम कायद्याइतकेच शाळेचे आणि पंचायतीचे आहे.